बाबांची गाडी आणि रोजची पंधरा मिनिटं

डिझेल गाडीवाल्यांनो, एक सल्ला हवाय.

बाबा जाऊन वर्ष होत आलं. त्यांची गाडी बिबवेवाडीला आईच्या पार्किंगमध्ये उभी होती. मी राहतो वाघोलीला. आज विकायचं ठरवून बाहेर काढली, तर इंजिनाचा दिवा लागलेला आणि गाडी ओढेचना. आईला घेऊन तसाच गॅरेजला गेलो.

मेकॅनिकनं स्कॅनर लावला. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी जी यंत्रणा असते, त्या ईजीआरचा सेन्सर गेलेला. खोलून पाहिलं तर आत नुसती काजळी.

"दादा, गाडी उभ्या उभ्या चालू ठेवता का?"

"छे हो, हात लावतंय कोण तिला!" मी म्हणालो.

"मी लावते," आई मागून हळूच म्हणाली. "रोज सकाळी पंधरा मिनिटं. बंद पडू नये म्हणून."

आईला गाडी चालवता येत नाही. किल्ली फिरवून ती शेजारच्या सीटवर बसायची. तिच्या नेहमीच्या जागेवर.

"काकू, त्यानंच काजळी धरली," मेकॅनिक म्हणाला. तो खरं तेच बोलला, त्याचं काय चुकलं?

येताना रिक्षात आईनं विचारलं, "म्हणजे यांची गाडी मीच बिघडवली का रे?"

"नाही गं, जुनी झालीये ती." सरळ खोटं बोललो.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "दुरुस्त होऊन आली की सकाळी चालू केली तर चालेल ना?"

तर मंडळी, उपाय सुचवा. गाडीचा नको, तो मेकॅनिक करतोय.