पोचपावतीवरची सही

जनावरांच्या दवाखान्यात तिला सगळे वकीलबाई म्हणत. वकिलीशी तिचा संबंध एवढाच, की मालकानं उपचाराला आणून सोडलेलं आणि परत न नेलेलं जनावर कायद्यानं दुसऱ्याला कधी देता येतं, हे तिला तोंडपाठ होतं. मालकाला रजिस्टर पत्र पाठवायचं, पत्र त्याच्या हातात पडल्यापासून बारा दिवस मोजायचे आणि तोवर तो फिरकला नाही तर त्यानं हक्क सोडला असं धरायचं. मग नवं घर शोधायचं. बावीस वर्षं ती हे काम करत होती आणि नाकावर माशी बसू देत नव्हती. डॉक्टर नवे होते तेव्हा एकदा म्हणाले, "दहा दिवस झाले ना? देऊन टाकू, पिंजरा अडलाय." त्यावर तिनं चष्म्यावरून असं काही पाहिलं, की पुढचे दोन दिवस त्यांनी पिंजऱ्याचं नाव काढलं नाही.

तिचा आणखी एक नियम होता, तो कायद्यातला नव्हे, स्वतःचा. दवाखान्यातलं जनावर घरी न्यायचं नाही. एक नेलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि घराचा कोंडवाडा होतो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. हा नियम तिनं बटणापायी मोडला.

बटण म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला, तोंडावर कायम कसलीतरी तक्रार असलेला कुत्रा. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी त्याला पोटाच्या ऑपरेशनसाठी आणलं होतं. संध्याकाळी न्यायला येते म्हणाल्या आणि आल्याच नाहीत. फोन लागेना. आठवड्यानं वकीलबाईनं पत्र धाडलं. गुलाबी पोचपावती परत आली, तशी तिनं तारीख बघितली आणि कॅलेंडरवर बाराव्या दिवसाला गोल केला. तेराव्या दिवशी तो गोल खोडला आणि बटणाला पट्टा बांधून स्वतःच्या घरी नेलं.

कारण घरी नवरा होता. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. नजर अधू झाली म्हणून त्याला गाडीवरून उतरवलं, तेव्हापासून तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला तो बसलाच. रस्त्यावरची बस दिसली की वेळ बघायचा, "चार मिनिटं उशीर," म्हणायचा, आणि दिवसभरात तेवढंच बोलायचा. बटण आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती उठली तर नवरा बूट घालून दाराशी उभा. "साहेबांना बाहेर जायचंय," म्हणाला. त्यानंतर तो रोज दोन वेळा फिरायला जाऊ लागला, दाढी करू लागला, भाजी आणू लागला. भाजी वाईट आणायचा, पण आणायचा. वकीलबाईच्या मनावरचं ओझं उतरलं होतं.

दीड महिन्यानं त्या शिवणाऱ्या बाई आल्या. चालायला वॉकरचा चौकोनी आधार, बरोबर कोणी नाही. टेबलाशी येऊन धापा टाकत म्हणाल्या, "ताई, माझा बटण न्यायला आलेय. उशीर झाला, रागावू नका."

त्याच संध्याकाळी त्याला न्यायला निघताना त्या जिन्यावरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, फोनचे तुकडे झाले. हॉस्पिटलातून भाचीनं थेट आपल्याकडे नेलं. "मी सारखी म्हणत होते, माझा कुत्रा दवाखान्यात आहे. भाची म्हणायची, दवाखान्यात आहे ना, मग कशाला काळजी करतेस? आज माझ्या घरी निघाले, ती आधी इकडेच आले."

"आम्ही पत्र पाठवलं होतं," वकीलबाई म्हणाली.

"मला नाही हो मिळालं."

आतून डॉक्टर आले. "पावती असेल ना आपल्याकडे? दाखवा त्यांना."

वकीलबाईनं फाईल उघडली, जरा तोऱ्यातच. पावती काढली आणि पहिल्यांदाच सहीकडे नीट बघितलं. सही त्या बाईंची नव्हती. भलत्याच आडनावाची, पुरुषी, घाईची सही होती, आणि कुत्रा दाखल करताना भरलेल्या अर्जावरची सही तर शाळेतल्या मुलीसारखी गोल. बावीस वर्षं तिनं पावतीवरची फक्त तारीख बघितली होती.

तिनं सहीवर अंगठा ठेवला. "ही बघा तारीख," म्हणाली.

"कायद्यानं आमच्याकडून काही चुकलेलं नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "त्याला चांगलं घर मिळालंय. कुणाचं ते आम्ही सांगत नाही."

बाई रडल्या नाहीत. थोडा वेळ आधाराची मूठ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "टाके सुकले का नीट?"

"सुकले," वकीलबाई म्हणाली.

"त्याला अंधारात झोप येत नाही. बारीकसा दिवा लागतो. त्या लोकांना तेवढं सांगाल?"

आणि त्या गेल्या. फाटकापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागला आणि वकीलबाईला तो सगळा वेळ खिडकीतून दिसत राहिला.

ती घरी आली तेव्हा नवरा ओल्या फडक्यानं बटणाचे पंजे पुसत होता. घरातल्या बोळातला दिवा आत्तापासूनच लावलेला. साहेबांना अंधार चालत नाही, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. तिला वाटलं, गप्प बसावं. पावती आपल्या फाईलीत, फाईल आपल्या कपाटात, कोण बघायला येतंय? पण जेवायला बसल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं.

"सही कुणाची आहे?" त्यानं विचारलं.

"शेजाऱ्याची असेल. त्यानं पत्र घेऊन दाराखाली सरकवलं असेल."

तो बराच वेळ बटणाच्या दुमडलेल्या कानाशी चाळा करत राहिला. "अगं, मग बारा दिवस सुरूच कुठे झाले?"

बावीस वर्षं जेवताना ऐकलेला नियम होता, त्यालाही पाठ झाला होता. तिला त्या क्षणी वाटलं, हा माणूस जरा कमी ऐकणारा असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तोच बटणाला घेऊन गेला. तिनं सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाला. दुपारी परत आला, बूट काढून कपाटात आत सारले, खुर्चीत बसला.

"कसं झालं?"

"ओळखलं त्यानं," एवढंच म्हणाला. मग रस्त्याकडे बघून, "सहा मिनिटं उशीर."

डॉक्टरांना तिनं पावती दाखवली. ते म्हणाले, "कुत्रा परत गेला ना? मग मिटलं." पण तिचं मिटलं नव्हतं. कपाटाच्या वरच्या फळीवर बावीस वर्षांच्या पावत्या होत्या, वर्षावार दोऱ्यानं बांधलेल्या. त्यातली एकही सही तिनं वाचलेली नव्हती.

रविवारी दवाखाना बंद होता. ती किल्ली घेऊन निघाली तसा नवरा उठला. "मी पण येतो. मला भिंग लागेल, पण सह्या वाचून दाखवीन. तू अर्जाशी ताडून बघ."

दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. सगळ्यात जुना गठ्ठा तिनं सोडला. पहिल्या पावतीवरची सही जुळली. दुसरी जुळली. तिसरी मांजराची होती, पांढऱ्या, एका डोळ्यानं आंधळ्या मांजराची. तिला ते लख्ख आठवत होतं, कारण त्याच्यासाठी चांगलं घर शोधल्याचा तिला फार अभिमान होता. नवऱ्यानं भिंग धरलं आणि एक नाव वाचलं.

तिनं अर्ज बघितला. "पुन्हा वाचा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा तेच नाव वाचलं.