न्हाणीघरातली हवा

धाकट्या बहिणीला धुळ्यात दिलं होतं. घर भाड्याचं, लहानसं, पण न्हाणीघरात गॅसचा गिझर होता, त्याचं तिला फार कौतुक. भडगावला माहेरी तेव्हाही बंब पेटवूनच पाणी तापायचं.

त्या हिवाळ्यात ती फोनवर मायला म्हणाली, "अंघोळ करून आले की डोकं जड होतं गं. मळमळतं." मायला वाटलं, गोड बातमी. तिने लगेच मला जळगावला फोन केला आणि एवढ्यात कुणाला बोलू नको म्हणून बजावलं.

तसं काही नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी ती अंघोळीला गेली. गार वारा येतो म्हणून न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा लावलेला. मेहुणे नरडाण्याच्या कारखान्यात कामाला. कंपनीची बस निघून जाईल, म्हणून त्यांनी दार वाजवलं. आत पाणी वाहत होतं, पण ओ आली नाही. शेजाऱ्याच्या मदतीने दार तोडलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती.

मी दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. तिचा चेहरा गुलाबी दिसत होता, ताप चढल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. आधी काही त्रास होत होता का? डोकेदुखी, मळमळ?"

माय माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती फोनवरची गोष्ट त्यानंतर तिने कधी काढली नाही. मीही नाही.

भडगावला बाया भेटायला येत. "सवाष्ण गेली, भाग्याची," म्हणत. मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटे. मी चहा करी.

मेहुण्यांनी नंतर एक यंत्र मागवलं. तळहाताएवढं, पांढरं, हवेतला तो वायू मोजणारं. ते शर्टाच्या खिशात घेऊन ते नातेवाइकांकडे जात आणि पाणी घेण्याआधी न्हाणीघरात डोकावत. पहिल्यांदा लोकांनी कीव केली. मग एका साखरपुड्याला त्यांच्या चुलतीने सगळ्यांसमोर सांगितलं, "ते अवदसेचं डबडं बाहेर ठेवून या." त्यानंतर त्यांना बोलावणी येईनाशी झाली.

वर्षश्राद्धाला ते भडगावला आले. जेवणं उरकली, पाहुणे गेले. संध्याकाळी थंडी वाढली. मायचे गुडघे धरतात म्हणून आबांनी, आमच्या वडिलांनी, निखाऱ्यांची शेगडी मागच्या खोलीत आणून ठेवली आणि दार-खिडकी लावून घेतली. आम्ही चौघं तिथे बसलो होतो. मेहुण्यांनी खिशातलं यंत्र काढून फडताळावर ठेवलं.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"आबा, गॅस मोजतं."

"आठे कोठे गॅस शे? कोयसा शेतस."

"कोळशानेही होतं, आबा."

आबांनी मान फिरवली. गॅसचा गिझर वाईट, आपला बंब आणि शेगडी बरी, असंच आम्ही सगळे वर्षभर धरून चाललो होतो. थोड्या वेळाने यंत्रावरचा आकडा चढायला लागला आणि ते किंचाळलं. माय दचकली. मी उठून दार-खिडकी उघडली, मेहुण्यांनी शेगडी चिमट्याने धरून अंगणात नेली. तरी ते वाजतच होतं.

आबा एकदम ओरडले, "बंद कर ते! मनी पोर गई. आते वाजीसनी काय उपेग शे?"

मेहुणे दारात उभे होते. हात काळे झालेले. म्हणाले, "माय तर आहे ना अजून."

माय पदरात तोंड घालून रडायला लागली. वर्षभरात मी तिला असं मोकळं रडताना पाहिलं नव्हतं. उघड्या खिडकीतून गार वारा येत होता, आणि कुणी ती लावली नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणे धुळ्याच्या एसटीने गेले. यंत्र आमच्याकडेच ठेवून गेले. आबांनी ते मायच्या खाटेशेजारी खिळा ठोकून अडकवलं. जावयाला पोचवायला मात्र ते स्टँडवर गेले नाहीत. दोघांत पुढे फारसं बोलणं झालं नाही.