स्कर्टाची गडद पट्टी

आमच्या शाळेच्या फाटकात रोज सकाळी एक लाकडी पट्टी उभी असायची आणि तिच्यामागे बाई. सगळ्या त्यांना पट्टीच्या बाईच म्हणत. आमची शाळा म्हणते खरी, पण मी तिथे शिकले नाही. मी सातवीतच शाळा सोडली, शिवण बघून बघून शिकले, आणि बिबवेवाडीतल्या घरी बसून मुलींचे गणवेश शिवायची.

स्कर्ट गुडघ्याच्या वर चार बोटं गेला की मुलगी घरी परत. रिबीन नसली तर बाई शांतपणे विचारायच्या, "घरी मांजरीला बांधून आलीस का?" एकीने एकदा सांगितलं, "आई झोपली होती बाई." तर म्हणाल्या, "उद्या आईलाही आण, दोघींच्या वेण्या मी घालते." ती आई खरंच आली हो, भांडायला! आणि जाताना वेणी कशी घट्ट घालायची ते शिकून गेली.

हल्ली नात विचारते, "आजी, युनिफॉर्मची एवढी स्ट्रिक्टनेस कशाला गं?" बाईंकडे याचं उत्तर तयार असायचं. "गणवेश म्हणजे डब्याचं झाकण. कोणाकडे काय शिजतं ते शेजारच्या बाकाला कळू नये." मला ते फार पटायचं. तरी त्यांच्या हातून एक चूक झालीच.

आठवीत सुमन नावाची मुलगी होती. तिची आई मंडईबाहेर कोथिंबीर विकायची. पोर भराभर उंच झाली, स्कर्ट आखूड पडला, बाईंनी फाटकातून परत पाठवली. आईने त्याच दिवशी खालची दुमड उसवून स्कर्ट लांब केला. आता तुम्हाला ठाऊकच आहे, वरचं कापड धुऊन धुऊन विटतं आणि दुमडीतलं नवंकोरं राहतं. खाली चांगली चार बोटांची गडद पट्टी उघडी पडली. मुली हसल्या. सुमन यायची बंद झाली.

आठवड्याने बाई मंडईत गेल्या, तर ऐन शाळेच्या वेळेत सुमन आईशेजारी जुड्या बांधत बसलेली. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, "मोजा की बाई, आता लांब आहे. पण मुली हसतात." आई म्हणाली, "राहू द्या आता. इथं कोणी हसत नाही तिला."

तिथून बाई तिच्या घरून तो स्कर्ट मागून घेऊन, पिशवीत घालून तडक माझ्याकडे आल्या. "अहो वहिनी, हा फरक जाईल का?"

"नाही जायचा बाई. कितीही धुवा."

बाई ती गडद पट्टी बोटांनी मोजत राहिल्या. मी केलेला चहा निवला. मग म्हणाल्या, "मी नुसता गुडघाच बघत बसले हो." आणि उठता उठता, "जात नाही ना? मग सगळ्यांनाच द्या. शाळेतल्या प्रत्येक स्कर्टाला खाली चार बोटं गडद पट्टी."

पालकसभेत काय गदारोळ! एक गृहस्थ म्हणाले, "बाई, हे नवीन खूळ कशासाठी?" बाई म्हणाल्या, "शोभेसाठी. कापड मी आणलंय, शिवणार या वहिनी. तुम्हाला फक्त नावं ठेवायचीत, ती सावकाश ठेवा." खरं कारण त्यांनी मुख्याध्यापकांनाही सांगितलं नाही, आणि मला बजावलं, "तुम्हीही बोलायचं नाही." मी आणि माझी जाऊ पंधरा दिवस मशीनवरून उठलो नाही.

मग बाई स्वतः मंडईत जाऊन सुमनचा स्कर्ट परत देऊन तिच्या आईला सांगून आल्या, नवा नियम झालाय, तुमचा स्कर्ट नियमात बसतो. सोमवारी सुमन आली. मी उरलेले स्कर्ट द्यायला तिथेच उभी होते. फाटकाशी पोरीची पावलं अडली. बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रिबीन सैल आहे. आत जा आणि नीट बांध. परत दिसली तर उभी करीन."

सुमन पळत आत गेली, सगळ्यांसारख्याच स्कर्टांच्या घोळक्यात, आणि मला ती पुन्हा ओळखू आली नाही.

बाई मागच्या वर्षी गेल्या. शाळेतल्या मुली अजून ती पट्टी लावतात आणि कुठल्या खडूस बाईने हे काढलं म्हणून कुरकुरतात. इतकी वर्षं मी गप्प बसले. आज बाईंचा शब्द मोडला.