सातवी सूचना

इजिप्तमधल्या लक्सर गावी शाजली एका हॉटेलच्या काउंटरवर बसायला लागला, त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी तो नदीपलीकडच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला उस्ताज, म्हणजे गुरुजी, म्हणतात. त्या इंग्रजीचा त्याला अजूनही अभिमान आहे, आणि ते दाखवायची त्याच्याकडे एकच जागा आहे : तीस खोल्यांत, उशीशेजारी ठेवलेलं एकेक जाड कार्ड. 'लक्सरमध्ये : बारा सूचना.'

पाणी बाटलीतलंच प्या. कर्नाकच्या देवळात सकाळी सहाला पोचा, नऊनंतर दगड तापतात. नदीपलीकडे जायला गावकऱ्यांच्या बोटीत बसा. बाजारात कोणी 'मी तुमच्या हॉटेलचा आचारी' म्हणाला तर न थांबता पुढे चला. ही सूचना वाचून पाहुणे हॉटेलच्या खऱ्या आचाऱ्यालाही ओळख देत नाहीत.

"सकाळी माझ्या हातची अंडी खातात आणि संध्याकाळी मला चोर समजतात," गिर्गिस आचारी म्हणतो. "निदान माझा फोटो तरी छाप त्यात, उस्ताज."

सातवी सूचना एप्रिलमध्ये आली. 'टांग्यात बसू नका. टांगेवाला आधी फुकट म्हणतो आणि नंतर रस्त्यात तुमच्यामागे ओरडत येतो.' दोन छोटी वाक्यं, एकही शब्द जास्तीचा नाही. बाकीच्या अकरांपेक्षा ती शाजलीला जास्त जमून गेली होती.

जूनच्या एका रविवारी त्याचा थोरला भाऊ तय्यब स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी आला. तय्यब टांगा हाकतो. हॉटेलच्या कोपऱ्यावरचा अड्डा त्याचा, त्याच्याआधी बापाचा होता. लक्सरमध्ये टांगेवाला आपला अड्डा सोडून दुसऱ्याच्या अड्ड्यावर उभा राहत नाही. राहिला तर दुसऱ्या दिवशी चाकाचा आरा तुटलेला सापडतो. त्यामुळे या हॉटेलातले पाहुणे टांग्यात बसले तर तय्यबची चूल, नाही तर नाही.

"आत ये की, अबू बदावी," शाजलीने त्याला त्याच्या पोराच्या नावाने हाक मारली.

"नको. घोडीचा वास येतो अंगाला." तय्यबने पगडीच्या सोग्याने मान पुसली. "तुझ्या त्या कागदात काय लिहिलंय आमच्याबद्दल?"

"कोण म्हणालं?"

"इटलीवाली म्हातारी. रोज मला हात करायची. काल म्हटलं, बाई, बसा की, उन्हाचं चालता कशाला. तिने पिशवीतून कागद काढला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. वाईट वाटत होतं बिचारीला."

"हॉटेलचं कार्ड आहे ते."

"हॉटेलला हात आहेत?"

गिर्गिसने आतून चहाचा पेला आणून तय्यबच्या हातात दिला आणि पुन्हा आत गेला.

"बरसीमचा चारा संपून महिना झाला," तय्यब म्हणाला. "नवारा घोडी नुसत्या भुशावर आहे. काल चढावर गुडघे टेकले तिने. फासळ्या मोजून घे, उजळणी शिकवता येईल पोरांना. मुअल्लिम सब्बाग शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर येतोय."

सब्बाग कातडं घेतो, धंद्यातला मोठा म्हणून लोक त्याला मुअल्लिम म्हणतात. जिवंत जनावर चालवत नेतो, एवढंच.

"गुरुवारी तुमच्याकडे हॉलंडचे बावीस लोक येतायत म्हणे. चार दिवस राहणार. चार दिवस मिळाले तर मी सब्बागला परत पाठवीन आणि बाजरीचा हिरवा चारा निघेपर्यंत तिला तगवीन. ती ओळ काढ, शाजली. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे."

हे खरं होतं. शाजलीच्या कॉलेजची चार वर्षं तय्यबने टांगा हाकून भागवली होती आणि त्याचा हिशेब कधी काढला नव्हता.

तो गेल्यावर शाजली बराच वेळ भांडी घासायच्या मोरीपाशी उभा राहिला. एप्रिलची खरी गोष्ट तय्यबला माहीत नसणार, असं तो धरून चालला होता.

एप्रिलमध्ये एक ऑस्ट्रियन जोडपं कर्नाकहून तय्यबच्या टांग्यातून आलं होतं. दारात उतरताना नवऱ्याने पाकीट उघडलं. तय्यबने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, राहू द्या, तुम्ही पाहुणे. इथला कुठलाही भला माणूस हेच म्हणतो. न्हावी म्हणतो, भाजीवाली म्हणते. समोरचा म्हणतो, तसं कसं. पुन्हा राहू द्या, पुन्हा तसं कसं. तिसऱ्यांदा घेणारा दुसरीकडे बघत पैसे घेतो. पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. त्या माणसाने मात्र तय्यबचा हात घट्ट दाबला, घोडीसोबत बायकोचा फोटो काढला आणि आत गेला. तय्यबला वाटलं, सुटे आणायला गेला. वीस मिनिटं तो उन्हात थांबला. मग दाराशी येऊन हाका मारू लागला.

शाजली काउंटरवर होता. हॉटेलचे मालक रिफअत बे शेजारीच उभे होते. पाहुणा घाबराघुबरा होऊन सांगत होता : तो फुकट म्हणाला होता, आता बाहेर ओरडतोय. काचेच्या दारातून शाजलीला भाऊ स्पष्ट दिसत होता. उन्हामुळे बाहेरून आतलं काही दिसत नव्हतं.

"ओळखता का याला, उस्ताज शाजली?" रिफअत बेंनी विचारलं.

एक वाक्य पुरेसं होतं. हा माझा भाऊ, आणि यांनी आणखी दोनदा आग्रह करायला हवा होता. शाजलीच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. बाहेर तय्यबच्या झग्याला लीद लागलेली होती.

"टांगेवाले सगळे सारखेच दिसतात, बे," तो म्हणाला.

पहारेकऱ्याने तय्यबला ढकलत कोपऱ्यापर्यंत नेलं. संध्याकाळी रिफअत बे म्हणाले, कार्डात एक सूचना वाढवा.

सोमवारी शाजली त्यांच्या खोलीत गेला.

"बे, ती सातवी सूचना जरा कडक झालीय. भाषा बदलू का?"

"उत्तम आहे भाषा. एका अमेरिकन बाईंनी कौतुक केलं तुमचं."

"टांगेवाल्यांची बाजूही असते."

"असणारच. त्यांची बाजू त्यांनी लिहावी." रिफअत बेंनी चष्मा काढला. "तुमचं कोणी आहे का त्यांच्यात?"

आता सांगितलं तर एप्रिलचं खोटंही सांगावं लागणार होतं. त्याच्या जागेवर बसायला तीन भाषा येणारी कितीतरी मुलं तयार होती.

"नाही, बे. असंच."

बुधवारी रिफअत बे कैरोला गेले. शाजलीने भर दुपारी, सगळे झोपलेले असताना, ऑफिसातल्या यंत्रावर अकरा नवी कार्डं छापली. हॉलंडवाल्यांना अकरा खोल्या होत्या. सातवी सूचना त्याने चार वेळा लिहिली. शेवटी ती अशी झाली : 'टांग्यातून कर्नाकला जा. परतल्यावर टांगेवाला पैसे नको म्हणेल. ती इथली रीत आहे. तीनदा आग्रह करा आणि त्याच्या हातात ठेवा.' तो स्वतः जिने चढून अकरा खोल्यांत कार्डं ठेवून आला. पकडला गेला तर काय सांगायचं हे त्याने ठरवलं नव्हतं. मग कोपऱ्यावर जाऊन तय्यबला म्हणाला, "उद्या घोडीला धुऊन आण. निळे मणी घाल तिला."

"काढलीस?"

"काढली."

तय्यबने त्याच्या गालाला हात लावला. लहानपणी लावायचा तसा.

गुरुवारी सकाळी अकराला हॉलंडवाले आले. त्यांची म्होरकी आनेके नावाची उंच, हसरी बाई होती. दुपारी चारला सगळे खाली जमले. दाराबाहेर नवारा उभी होती, धुतलेली, कपाळावर मणी. ओल्या अंगामुळे फासळ्या जास्तच उठून दिसत होत्या, हे शाजलीला तेव्हा कळलं.

"बाजारात टांग्याने जा," तो म्हणाला. "हा माणूस चांगला आहे. मी ओळखतो त्याला."

आनेके हसली. तिच्या हातात फोन होता. "तुमच्याच सूचना आम्ही पाठ करून आलोय. आमच्याकडे सगळे प्रवासी ही यादी वाचतात. फार छान लिहिलीय."

तिने पडदा त्याच्यासमोर धरला. कोणीतरी जुन्या कार्डाचा फोटो काढून टाकला होता. हॉटेलचं नाव, बारा सूचना, आणि सातवीखाली लाल रेघ. खाली शेकडो लोकांनी आभार मानले होते. एकाने लिहिलं होतं, स्थानिक माणसानेच हे सांगितलं म्हणून खरं वाटलं.

"ते जुनं आहे," शाजली म्हणाला. "चूक होती त्यात. खोलीतलं कार्ड बघा, नवीन आहे."

"हो, बघितलं. आम्हाला मजा वाटली, दोन्ही कार्डं उलट कशी." तिने आवाज खाली आणला. "टांगेवाल्यांनी तुमच्यावर दबाव आणलाय का? आम्ही कोणाला सांगणार नाही."

"नाही, बाई. तो माझा भाऊ आहे."

त्याने हे अकरा वर्षांत काउंटरमागून पहिल्यांदा म्हटलं. आनेकेने मान हलवली, समजल्यासारखी, आणि तिच्या माणसांकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. दोन-तीन जण ओशाळं हसले. शाजलीने ओळखलं : भावाला गिऱ्हाईक आणून देणारा कारकून. हीच त्याची नववी सूचना होती, हॉटेलातल्या माणसाने सुचवलेल्या नातेवाइकाकडे जाऊ नका. बावीस जण घोडीला वळसा घालून पायी निघाले. शेवटच्या मुलीने बाटलीतलं थोडं पाणी ओंजळीत घेऊन नवारापुढे धरलं. घोडी ते प्यायली. मुलगी धावत पुढे गेली.

तय्यबने काचेच्या दाराकडे पाहिलं. शाजली बाहेर गेला.

"आधीच वाचून आलेत," तो म्हणाला. "ते पुसता येत नाही. आणि ते मीच लिहिलं होतं. एप्रिलमध्ये तू दारात होतास तेव्हा मी आत होतो."

"माहीत आहे," तय्यब म्हणाला. "पहारेकरी बोलला होता."

"मग रविवारी का नाही बोललास?"

"ओळ काढून घ्यायची होती. भांडायचं नव्हतं."

शुक्रवारी नमाजानंतर मुअल्लिम सब्बाग तय्यबच्या अंगणात आला. शाजलीही तिथे होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नाही. सब्बागने घोडीचे दात पाहिले, मानेवर थाप मारली, तिच्या बापजाद्यांचं कौतुक केलं. मग खिशातून नोटांची घडी काढून पुढे धरली आणि रिवाजाप्रमाणे थांबला. आता तय्यब म्हणणार होता, राहू द्या मुअल्लिम, तुमचंच जनावर आहे. सब्बाग 'तसं कसं' तोंडात धरून उभा होता.

तय्यबने हात पुढे केला आणि घडी घेतली. सब्बागकडे सरळ बघत घेतली.

सब्बागचा हात थोडा वेळ तसाच राहिला. त्याने शाजलीकडे पाहिलं, जणू घरातल्या शिकलेल्या माणसाने काही खुलासा करावा. शाजली नवाराच्या कपाळावरचे मणी सरळ करू लागला.

"मणी ठेवून घ्या," सब्बाग शेवटी म्हणाला. "मण्यांचं मला काही नाही."

"घेऊन जा," तय्यब म्हणाला. "मणी फुकट आहेत."