कुत्रं मारू नको म्हणणारा दत्ता

दत्ता गेला, आणि माझा गेम त्याला शेवटपर्यंत आवडला नाही.

हे आधीच सांगून टाकते. परवा त्याच्या दशक्रियेला माइकवर एवढी भाषणं झाली, त्यात हे कुणी सांगितलं नाही.

माइकवर तो प्रगतशील शेतकरी होता. मनमिळाऊ होता. सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा होता.

मनमिळाऊ? दत्ता? काहीही हां.

वारूळवाडीला त्याची भाजीच्या रोपांची नर्सरी. जुन्नरच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात. मी घाटघरची, होस्टेलवर राहणारी. तो रोज एसटीनं यायचा. ओळख तेव्हाची आणि भांडणंही तेव्हाचीच.

त्याला नाद एकच, व्हिडिओ गेमचा. तेही मोठ्या कंपन्यांचे नाहीत. दोघा-तिघांनी घरी बसून केलेले, छोटे.

हातात धरायचा एक जुना कन्सोल होता त्याच्याकडे. त्याचं एक बटण चिकटायचं. गेम संपवला की आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हॉइस नोट यायची, मागं पाण्याची मोटर चालू.

शेतीच्या एका गोड गेमबद्दल म्हणाला होता, "ह्यात बिबट्या नाय, लाईट जात नाय. ही शेती नाय, सुट्टी हाय. पण सुट्टी लई झ्याक हाय."

एक काळापांढरा कोड्यांचा गेम सगळ्या जगानं डोक्यावर घेतला होता. दत्ताचं म्हणणं, बनवणाऱ्याला कोडं घालायचं नव्हतं, स्वतःची हुशारी दाखवायची होती.

मला तो गेम फार आवडतो. त्यावरून आम्ही आठवडाभर बोललो नाही.

एका गेममध्ये पहिल्याच सीनला आई मरते. तो खेळून दत्ता रडला, आणि मग चिडला. रडवायला आई मारणं सोपं असतं, म्हणाला.

व्हॉइस नोटच्या शेवटी एकच शब्द असायचा. 'ठेव' किंवा 'काढ'. नर्सरीत ट्रेमधली रोपं निवडताना म्हणतात तसा.

'ठेव' क्वचित यायचं. होडीत बसून मासे धरायच्या एका संथ गेमला आलं होतं. त्यात काहीच घडत नाही. आम्ही सगळे कंटाळलो, हा महिनाभर खेळत बसला.

मी पुण्यात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एक गेम करते.

धुक्यात चुकलेली म्हैस शोधायला निघालेली मुलगी आणि तिचं कुत्रं. गाव आमच्या घाटघरसारखंच. म्हैस सापडते. कुत्रं मरतं. संपलं.

मला त्याच्याकडून 'ठेव' ऐकायचं होतं. बाकी कुणी काय म्हणतंय याची मला फिकीर नव्हती, खरंच.

या उन्हाळ्यात लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन नर्सरीत गेले. उपड्या क्रेटवर बसून त्यानं सलग खेळला. धुकं आवडलं. म्हशीचा आवाज आवडला. मग कुत्रं मेलं आणि त्यानं कंट्रोलर खाली ठेवला.

"तुला शेवट सुचला नाय, म्हणून तू कुत्रं मारलंस."

मी खूप समजावलं. दुःख, विरह, प्रतीक, काय काय बोलले. तो शांतपणे ट्रेवर पाणी मारत होता.

"सांगू नको गं. खेळायला दे."

मी तणतणत निघून आले. एक अक्षर बदलणार नाही असं ठरवूनच टाकलं होतं.

मग तो गेला. सकाळी ट्रे उचलताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. चाळिशीसुद्धा नव्हती.

मला आधी राग आला. रडू नंतर आलं. कुणाला तरी शेवट सुचला नाही म्हणून आमचा माणूस मारला, असंच वाटलं.

त्या दुपारी त्याच्या घरी गेले तर त्याचा भाऊ डोळे पुसत रोपांना पाणी घालत होता. ऊन तापलेलं, रोपं माना टाकत होती. कुणीतरी पाणी घालायलाच हवं होतं.

तिथं उभी असताना मला माझा गेम कळला. त्यातली मुलगी म्हैस घेऊन घरी पोचतच नव्हती. त्याआधीच मी कुत्रं मारून मोकळी झाले होते.

परवा मीना नदीच्या घाटावर पिंड ठेवले. कावळा शिवेना.

भावानं नर्सरी चालवायचा शब्द दिला. चुलत्यांनी दत्ताच्या पोरीच्या शिक्षणाचा दिला. कावळे समोरच्या बाभळीवर ढिम्म.

मग त्याची आई माझ्याकडं वळली.

"तुमचं कायतरी भांडण व्हतं ना? बोल गं बाय, सांग त्याला."

अख्खा घाट माझ्याकडं बघायला लागला. मी हात जोडले.

"दत्ता, कुत्रं मारत नाही."

लोकांना वाटलं बाईला उन्हाचा त्रास झाला.

कावळा काही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि सगळे जेवायला बसले.

मला मात्र हसू आवरेना. नुसत्या सांगण्यावर ह्या माणसानं कधी कुणाला पास केलंय?

काल दिवसभर बसून शेवट पुन्हा केला. म्हैस घरी येते. मागून कुत्रं येतं, भिजलेलं. मुलगी म्हैस बांधते, कुत्र्यासमोर पाणी ठेवते. ते पिऊन उंबऱ्यात झोपतं. एवढंच.

तू गेलास म्हणून नाही केलं, दत्ता. असली दया तुला चालली नसती. तू बरोबर होतास म्हणून केलं.

कदाचित हेही तुला आवडलं नसतं. पाणी पिताना कुत्र्याची जीभ नीट हलत नाही म्हणाला असतास. ती खरंच हलत नाही, दुरुस्त करते.

पण हा शेवट मी ठेवलाय.

येते रे.