सदतीस अंशांचा हट्ट

कात्रजचा बोगदा ओलांडून एस.टी. पुण्यात उतरू लागली, तेव्हा बर्फाचा डबा माझ्या मांडीवर होता. शेजारच्या काकूंनी विचारलं, मासे का? जिवाणू आहेत म्हटल्यावर त्या पदर सावरून खिडकीकडे सरकल्या.

सांगलीहून मी भांडायलाच निघाले होते. माझी विद्यार्थिनी नसीमा हिने प्रबंधात लिहिलं होतं की तिच्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) जिवाणूत एका विकराचे (एन्झाइमचे) दोन्ही जोडभाग बनतात, पण एक उष्णतेत टिकत नाही. जोडीतली एक चप्पल तुटली की दुसरी कोण ठेवतं? पेशीही उरलेला भाग मोडून टाकते. पुण्याच्या परीक्षकांनी स्वतः तपासून विद्यापीठाला कळवलं, भाग बनतच नाहीत. झालं! पोरीची पदवी अडकली.

कोथरूडला रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात (चहाच्या दुकानात) चहा घेतला, पण डोकं काही थंड होईना.

प्रयोगशाळेत एकच उबदार कपाट. त्याचं बटण उद्घाटनापासून सदतीस अंशांवर चिकटपट्टी लावून पक्कं केलेलं! नसीमाने पाठवलेली बाटली तिथेच होती, वर ठळक अक्षरांत ‘तीस अंशांवर वाढवा’.

“आमच्याकडे सगळं सदतीसलाच वाढतं,” परीक्षक शांतपणे म्हणाले.

“अहो, सदतीसला ते मोडतं, हेच तर तिचं म्हणणं आहे!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुक्काम वाढवला. डब्यातले जिवाणू कोमट पाण्याच्या टबात तीस अंशांवर वाढवले. त्यांची प्रथिनं जेलवर वेगळी केली, तेव्हा दोन्ही भागांचे पट्टे स्वच्छ दिसले. मग औषधाने नवं बनणं थांबवून तेच जिवाणू त्यांच्या लाडक्या कपाटात ठेवले. आधी एक पट्टा फिकटला, मागोमाग दुसरा. म्हणजे बनले होते, टिकले नाहीत.

परीक्षकांनी चष्मा पुसून पट्टे पुन्हा तपासले. मग म्हणाले, “बरोबर आहे तिचं. पण पाठवलेला अभिप्राय मागे घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.”

“मग आज पाडू या,” म्हणत मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. पत्र हातात पडेपर्यंत उठले नाही. त्यात लिहिलं होतं, ‘नव्या माहितीनुसार प्रबंध मान्य’. ‘चूक’ हा शब्द कुठेच नाही. नवी माहिती म्हणे! बाटलीवर चिकटवलेली होती ती.

परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते. सांगलीच्या स्टँडवर नसीमा वाट पाहत होती. तिने पत्र दोनदा वाचलं, डोळे पुसले.

“किती भले आहेत हो सर,” ती म्हणाली. “लगेच लिहून दिलं.”