नावाड्याने न घेतलेलं सोनं

नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला नावाडी आधी नीट न्याहाळायचा आणि मग वल्ह्याच्या टोकाने जागा दाखवायचा. "तू आठे बस. तू तठे." गावात कोणाचं कोणाशी वाजलंय, हे त्याला पक्कं ठाऊक असे. बांधावरून भांडलेले दोघे चुलतभाऊ तो हटकून दोन कडांना बसवी. त्यांना शेजारी का बसवत नाहीस, असं मी एकदा विचारलं.

"जोडे बसाडं ते एकमेकले ढकली देतीन, मास्तर," तो म्हणाला, आणि हसलाही नाही.

त्या काळी तापीवर पूल नव्हता. आमचं गाव दक्षिण काठाला, पलीकडे प्रकाशा. मी गावात मास्तर होतो आणि दर आठवड्याला एकदा तरी त्याच्या नावेत बसत होतो. घाटावर नाव कोणी चालवायची, हे पाटलांच्या शब्दावर ठरे. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघे मिळून ती चालवीत.

मग पाटलांचा चांदीचा तांब्या हरवला. पाटलांच्या घरची मंडळी प्रकाशाला स्नान करून परतली होती आणि त्या दिवशी वल्ह्यावर धाकटा होता. पाटलांनी त्याला दिवसभर चावडीच्या खांबाला बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला, तो परतलाच नाही. दोन महिन्यांनी तांब्या पाटलांच्याच घरात, धान्याच्या कणगीत सापडला. मोलकरणीकडून ही बातमी गावभर झाली, पण उघड कोणी बोललं नाही. मी पाटलांच्या मुलांची शिकवणी घेत असे. त्याच तांब्यातलं पाणी मी प्यालो, आणि मीही गप्प राहिलो. तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हीसुद्धा? हो, मीसुद्धा.

आमच्या गावाची शीव म्हणजे नदी. त्यामुळे दसऱ्याचं सीमोल्लंघन नावेतून व्हायचं. पलीकडून आपट्याची पानं आणायची आणि परतताना नावेतच एकमेकांना सोनं द्यायचं, अशी रीत. नावडत्या माणसालाही द्यायचं. मला ही रीत फार आवडे. वर्षभर मनात काहीही असो, एक दिवस गोड वागायला काय हरकत आहे, असं मी शाळेत मुलांना सांगतही असे.

त्या दसऱ्याला परतताना नाव भरलेली होती. धार ओढीची होती. मधोमध आल्यावर पाटील उठले आणि सगळ्यांना पानं वाटत वाटत नावाड्यासमोर आले.

"ले रे, सोनं ले. वरीसना सण शे."

त्याने वल्हं थांबवलं नाही. "नको, पाटील."

पाटलांचा हात तसाच पुढे. ही नाव उद्या कोणाच्या हातात असेल, ते त्या हाताच्या मर्जीवर होतं, आणि हे त्याच्याइतकंच आम्हालाही कळत होतं. मला राहवलं नाही.

"अरे, घे ना एक पान. तुझं काय जातं त्यात?"

"तुम्हनं काही जात नही, मास्तर." मग त्याने वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवलं. "पाटील, मन्हा भाऊ चोर नही व्हता. तांब्या तुम्हना घरमाच सापडना. इतलं या माणससमोर सांगा. मंग सोनं लेसू."

नाव धारेला लागली. पुढचं टोक वळलं. पाटील खाली बसले, पण तोंड उघडेनात. तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. दोन्ही चुलतभावांनी माना खाली घातल्या. माझ्याकडेही त्याने पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. मी घाबरलो होतो, आणि बुडण्याला नव्हे.

"दादा, नाव वाही चालनी!" एक बाई ओरडली. "मन्हा जोडे तान्हं पोऱ्या शे!"

त्याने त्या पोराकडे पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं. घाटापासून बरंच खाली, चिखलात आम्ही काठाला लागलो. पाटील आधी उतरले. त्यांच्यामागून सगळे.

मी शेवटी राहिलो. दरवर्षीप्रमाणे माझ्याकडचं पान त्याच्यापुढे धरलं.

"मास्तर, तुम्हले ठाऊक व्हतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

त्याने माझा हात हळूच मागे सारला. "तुम्हना हातनं सोनं लेवाले माले कधी जड नही गयं. आज जाई ऱ्हायनं."

आणि तो वाकून नावेतलं पाणी उपसायला लागला.

महिन्याभरात पाटलांनी नाव दुसऱ्याला दिली. तो बायकोला घेऊन कुठे गेला, हे विचारायला मला तोंड नव्हतं, आणि आपण होऊन ते मला कोणी सांगितलंही नाही.